फरक खातं

घोडेगावच्या कांदा बाजारातून परतणाऱ्या शेतकऱ्याच्या खिशात पट्टी असते. वर नाव-गाव, मधे वक्कल म्हणजे थप्पीचा नंबर, गोण्या, वजन आणि भाव, मग हमाली, तोलाई, वाराईची वजावट आणि तळाशी हातात पडलेली रक्कम. २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ही तळाची रक्कम बघवत नव्हती. त्याच फेब्रुवारीत बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा विकून २ रुपयांचा धनादेश मिळाला आणि त्याची बातमी देशभर गेली. राज्य सरकारने मग १ फेब्रुवारी ते ३१ मार्च २०२३ या काळात विकलेल्या लेट खरीप लाल कांद्याला क्विंटलमागे ३५० रुपये अनुदान जाहीर केलं, एका शेतकऱ्याला जास्तीत जास्त २०० क्विंटलपर्यंत. अर्जाला सातबारा हवा होता, बँकेचं पासबुक हवं होतं आणि मुख्य म्हणजे विक्रीची पट्टी हवी होती.

पट्टी जपून ठेवायची सवय सगळ्यांना नसते. पैसे मोजून घेतले की कागद सदऱ्याबरोबर धुण्यात जातो. म्हणून एप्रिलमध्ये आडतींच्या गाळ्यांवर डुप्लिकेट पट्ट्या मागणाऱ्यांची रीघ लागली. एका गाळ्यावर त्या गर्दीतून भलतंच प्रकरण बाहेर आलं. एक शेतकरी डुप्लिकेट पट्टी घेऊन गेला, घरी गेल्यावर मूळ पट्टीही सापडली, आणि दुसऱ्या दिवशी त्याने दोन्ही कागद गाळ्याचा हिशोब सांभाळणाऱ्या दिवाणजींपुढे ठेवले. तारीख तीच, वक्कल तोच, ४० गोण्या त्याच, वजन २१ क्विंटल ४० किलो, तेही तेच. मूळ पट्टीत भाव ५६० रुपये. डुप्लिकेटमध्ये ६५०.

"ह्याच्यात येगळं अन् त्याच्यात येगळं. मंग खरं कोन्तं धरायचं, दिवाणजी?"

दिवाणजींकडे उत्तर नव्हतं. अनुदान वजनावर होतं, भावावर नव्हतं, त्यामुळे अर्ज अडणार नव्हता. पण ९० रुपयांचा फरक २१.४० क्विंटलवर १,९२६ रुपये होतो आणि त्या महिन्यात ही रक्कम कुणालाच किरकोळ वाटली नसती. गाळ्याच्या शेठने नगरला फोन लावला. आडतीचं सॉफ्टवेअर सांभाळणारा प्रोग्रॅमर नगरचा. (जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं तरी घोडेगावच्या बोलण्यात 'नगरला' जायची सवय मोडलेली नाही.) सॉफ्टवेअर त्याने लिहिलेलं नव्हतं. आधीचा माणूस पुण्याला नोकरीला गेला आणि कोड, पासवर्ड, ग्राहकांच्या तक्रारी असं सगळं एकगठ्ठा याच्याकडे आलं.

घोडेगाव नेवासे तालुक्यात, नगर-छत्रपती संभाजीनगर रस्त्यावर. शनिशिंगणापूरला जाणारे भाविक इथून आत वळतात आणि कांद्याच्या गाड्या इथे थांबतात. जनावरांच्या बाजाराचं हे जुनं गाव आता नेवासे बाजार समितीचा कांद्याचा उपबाजार म्हणून जास्त ओळखलं जातं. इथे माल गोणीत येतो. गोण्या उतरतात, थप्प्या लागतात, प्रत्येक थप्पीला वक्कल नंबर पडतो. लिलावाची टोळी एका थप्पीवरून दुसऱ्या थप्पीवर सरकते, व्यापारी गोणी फोडून माल पाहतात, मोठा, मुक्कल, गोल्टा, गोल्टी, जोड अशी प्रत बोलली जाते आणि काही सेकंदांत भाव तुटतो. मागून चालणारा मुनीम तो कच्च्या चिठ्ठीवर टिपतो. चिठ्ठ्या गाळ्यावर आल्या की संगणकात चढतात. संध्याकाळी दिवाणजी 'दिवस बंद' हे बटण दाबतात, त्या दिवशीच्या प्रत्येक वक्कलला त्याचा भाव लागतो आणि प्रिंटर पट्ट्या ओकू लागतो.

'दिवस बंद'च्या मागे एकच अपडेट क्वेरी होती. साध्या मराठीत ती अशी: आवकेच्या टेबलातली आजची प्रत्येक ओळ घे, लिलावाच्या टेबलात त्याच तारखेची त्याच वक्कलची ओळ शोध, तिथला भाव उचलून इथे लिही. वाचताना कुठेही ठेच लागत नाही. वर्षानुवर्षं ती चालत होती, आणि जी गोष्ट वर्षानुवर्षं चालते तिच्यावर संशय घ्यायला कुणाला सुचत नाही.

आधी संशय आला तो विजेवर. आपल्याकडे संगणकाच्या कुठल्याही दुखण्याचं पहिलं निदान वीज हेच असतं. दिवस बंद करताना लाइट गेली असेल, इन्व्हर्टरने झटका दिला असेल, अर्ध्या पट्ट्या जुन्या भावाने निघाल्या असतील. पण डेटाबेस होता पोस्टग्रेस, आणि ट्रान्झॅक्शनची हमी तिथे पक्की असते: क्वेरी पूर्ण लागते किंवा मुळीच लागत नाही. अर्धवट भाव लागणं त्याच्या स्वभावात नाही. दुसरा संशय दोन संगणकांवर आला. एकावर गाळ्यावर कामाला असलेली मुलगी चिठ्ठ्या चढवते, दुसऱ्यावर दिवाणजी वजनं. दोघांनी एकाच ओळीला एकाच वेळी हात लावला तर एकाचं लिहिलेलं दुसऱ्याच्या लिहिण्यात बुडू शकतं. हा आजार खरा आहे, जगभर भेटतो. पण इथे भाव लागायच्या वेळी दुसरा संगणक बंद असायचा. मुलगी साडेपाचच्या एसटीने घरी जायची.

मग नगरच्या प्रोग्रॅमरने सगळे प्रोग्रॅमर करतात तेच केलं. पूर्ण डेटाबेसची प्रत लॅपटॉपवर घेतली, नगरला नेली आणि शंका असलेल्या तारखांवर तीच क्वेरी चालवली. प्रत्येक वेळी उत्तर बरोबर. त्या शेतकऱ्याचा भाव ६५०, म्हणजे कच्च्या चिठ्ठीवर होता तोच. क्वेरी निर्दोष, डेटा निर्दोष, आणि घोडेगावात मात्र छापील कागदावर ५६०.

इथून पुढे बरीच माणसं 'एखाद्या वेळी होतं असं' म्हणून विषय सोडतात. तो सुटला नाही याचं श्रेय दिवाणजींच्या एका वहीला जातं. संगणक आला तरी त्यांनी रोजमेळाची वही सोडली नव्हती, आणि त्या वहीत शेवटच्या पानांवर एक 'फरक खातं' होतं. व्यापाऱ्यांकडून येणं किती आणि शेतकऱ्यांना देणं किती, यांचा मेळ बसला नाही की उरलेली रक्कम त्या खात्यात जायची. २०१६ च्या जुलैत राज्याने फळं-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचा नियम केला, तेव्हापासून हिशोब असा दोन बाजूंचा झाला आणि मेळ घालणं दिवाणजींना जास्त महत्त्वाचं वाटू लागलं. फरक कधी जमेला, कधी नावे. कधी आठशे इकडे, कधी बाराशे तिकडे. वर्षाअखेर सगळं मिळून शून्याच्या आसपासच. म्हणून शेठने कधी विचारलं नाही आणि हिशोब तपासनिसानेही.

"सुटे पैसे, राउंडिंग, असं धरून चाललो होतो," दिवाणजी म्हणाले.

"काका, राउंडिंगमध्ये बाराशे रुपये कसे जातील?"

"ते आता तुम्ही विचारताय म्हणून."

त्या खात्याच्या तारखा त्याने आवकेच्या आकड्यांशेजारी लावल्या, आणि चित्र अपेक्षेच्या उलट निघालं. गडबड गर्दीच्या दिवशी व्हावी असं कुणालाही वाटेल. सोमवारी यार्डात गाड्यांना जागा नाही, चिठ्ठ्यांचे ढीग, सगळ्यांचा आवाज चढलेला, अशा दिवशी चूक झाली तर समजण्यासारखं आहे. पण मोठ्या आवकेच्या बहुतेक दिवशी फरक खातं कोरं होतं. फरक पडत होता तो बहुतांशी मंदीच्या, रेंगाळलेल्या दिवशी. शिवाय नव्या आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला जवळपास काहीच नाही. जसजसा मार्च जवळ येई तसतसे फरक वाढत. ज्याला यात पॅटर्न दिसला नाही त्याने हे सगळं दैवावर ढकललं असतं. ज्याला दिसला त्याला तो उलटा का, हे समजत नव्हतं.

त्याने घोडेगावच्या यंत्रावर एक ट्रिगर बसवला. आवकेच्या ओळीत भाव बदलला की जुना आकडा, नवा आकडा आणि वेळ एका वेगळ्या टेबलात नोंदली जाईल. शिवाय पोस्टग्रेसला सांगितलं की ही क्वेरी चालवताना तू कुठल्या रस्त्याने गेलास तेही लॉगमध्ये लिहून ठेव. ही सोय त्यात आयती असते. मग वाट पाहणं आलं. कांदाही सगळा एकदम येत नाही आणि चूकही बोलावली की येत नाही.

चूक आली तेव्हा ट्रिगरने सांगितलं की चुकीचा भाव क्वेरीनेच लिहिला आहे, नंतर कुणी बदललेला नाही. तो आकडा आकाशातून पडलेला नव्हता, लिलावाच्या टेबलात तो होता. त्याच तारखेची, त्याच वक्कलची तिथे एक नव्हे, दोन ओळी होत्या.

हे कसं झालं ते मुलीने एका वाक्यात सांगितलं. चिठ्ठीवरचा ६५० घाईत ५६० असा चढतो, किंवा माल फोडल्यावर खालून गोल्टी निघते आणि व्यापारी-आडत्या-शेतकरी उभ्या-उभ्या भाव बदलून घेतात. चढवलेली बोली सॉफ्टवेअर पुसू देत नाही, कारण ती पुसता येऊ नये अशी मूळ मागणीच होती. उद्या कुणी भाव मागे-पुढे केला तर? मग ती 'दुरुस्ती' म्हणून नवी ओळ घालते. तिच्या दृष्टीने नवी ओळ आली की जुनी बाद. व्यापाऱ्याचं बिल काढणारा प्रोग्रॅमही तसंच समजायचा आणि शेवटची ओळ घ्यायचा. दिवस बंद करणाऱ्या क्वेरीला मात्र ही समज कुणी दिलीच नव्हती.

कागदाच्या वहीत ही अडचण येत नाही. दिवाणजी जुना आकडा आडव्या रेघेने खोडतात, वर नवा लिहितात, शेजारी सही करतात. आधीचं कोणतं आणि नंतरचं कोणतं हे पान बघताच कळतं. डेटाबेसच्या टेबलाला असं पानच नसतं. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये आयबीएममध्ये असताना रिलेशनल डेटाबेसची कल्पना मांडली, तिच्यात टेबल म्हणजे ओळींचा संच असतो, आणि संचाला वर-खाली, आधी-नंतर नसतं. क्रम हवा असेल तर तो मागावा लागतो. मागितला नाही तर मिळेल तो.

आता प्रश्न उरला की दोन ओळी असताना कधी जुनी आणि कधी नवी का मिळते. पोस्टग्रेसच्या अधिकृत माहितीपुस्तिकेत याचं उत्तर अर्ध्या परिच्छेदात दिलेलं आहे: दुसऱ्या टेबलाशी जोडून अपडेट करताना एका ओळीला एकापेक्षा जास्त जोड्या मिळाल्या, तर त्यातली एकच वापरली जाते आणि ती कोणती हे आधी सांगता येत नाही. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरची पुस्तिकाही अशा अपडेटचा निकाल अनिश्चित असल्याचा इशारा देते. मायएसक्यूएल जुळलेली ओळ एकदाच बदलतं आणि गप्प राहतं. ओरॅकल याबाबतीत सर्वांत खडूस आहे. जोड एकास एक आहे याची खात्री किल्लीवरून पटली नाही तर अशा जोडणीतून बदल करायला ते सरळ नकार देतं. ओरॅकलवाल्यांना या नकाराचा वैताग येतो, पण घोडेगावच्या गाळ्यावर बसून पाहिलं की तो नकार फार शहाणा वाटतो.

पुस्तिकेतल्या 'सांगता येत नाही' या शब्दांवर मात्र प्रोग्रॅमरचं समाधान झालं नाही. यंत्र नाणं उडवत नाही. काहीतरी कारण असणारच. लॉगमध्ये ते होतं. चुकीच्या दिवशी पोस्टग्रेस 'नेस्टेड लूप' नावाच्या रस्त्याने गेलं होतं: लिलावाच्या ओळी एकामागून एक घ्यायच्या आणि प्रत्येकीसाठी आवकेची ओळ हुडकायची. या रस्त्याने आधी चढवलेली बोली आधी भेटते, ती लिहिली जाते, आणि त्याच आवकेला दुसऱ्यांदा हात लावायचा नाही असा नियम असल्याने दुरुस्तीची ओळ वाया जाते. बरोबरच्या दिवशी ते 'हॅश जॉइन'ने गेलं होतं: लिलावाच्या सगळ्या ओळी आधी स्मरणातल्या कप्प्यांत घालायच्या, मग आवकेची एकेक ओळ घेऊन तिच्या कप्प्यात हात घालायचा. पोस्टग्रेसमध्ये कप्प्यात नवी आलेली ओळ तोंडाशी बसते, जुनी मागे ढकलली जाते. म्हणून हात घातला की दुरुस्ती पहिली हाती लागते.

म्हणजे बरोबर उत्तरही योगायोगानेच येत होतं. सगळे जण चुकीचे दिवस शोधत होते. खरं तर क्वेरी रोजच बिघडलेली होती, आणि बहुतेक दिवशी ते कळत नव्हतं इतकंच.

कोणत्या दिवशी कोणता रस्ता, हे ठरतं डेटाबेसच्या अंदाजावर. टेबलात कोणत्या तारखेच्या किती ओळी आहेत याची ढोबळ आकडेवारी पोस्टग्रेस बाळगून असतं आणि ती अधूनमधून आपोआप ताजी करतं. कधी ताजी करायची याचा ठरलेला हिशोब आहे: ५० अधिक टेबलाच्या १० टक्के इतक्या ओळी बदलल्या की. टेबलात १,००० ओळी असतील तर १५० बदलांत पाळी येते. ३०,००० ओळी असतील तर ३,०५० बदल साठेपर्यंत थांबावं लागतं. आडतीची टेबलं आर्थिक वर्षागणिक नवी होत. एप्रिल-मेमध्ये टेबल लहान, आकडेवारी रोज ताजी. फेब्रुवारी-मार्चमध्ये टेबल फुगलेलं, आकडेवारी शिळी, आणि त्या शिळ्या आकडेवारीत आजची तारीखच नाही. आजच्या तारखेच्या जेमतेम एक-दोन ओळी असतील असं धरून यंत्र नेस्टेड लूप पकडायचं. मोठ्या आवकेच्या दिवशी बदलांचा भार इतका पडायचा की संध्याकाळपर्यंत आकडेवारी ताजी होण्याची शक्यता जास्त. मग हॅश जॉइन, मग बरोबर भाव. मंदीच्या दिवशी तसं होत नसे. नगरच्या लॅपटॉपवर तर नुकतीच उतरवलेली प्रत, मिनिटा-दोन मिनिटांत सगळ्या टेबलांची आकडेवारी नव्याने घेतलेली. तिथे चूक दिसणं जवळपास अशक्यच होतं.

डुप्लिकेट पट्टीचंही यातच उलगडलं. पट्टी पुन्हा छापताना सॉफ्टवेअर त्या तारखेसाठी भाव लावायची क्वेरी परत चालवत असे. फेब्रुवारीत नेस्टेड लूपने ५६० लिहिले, एप्रिलमध्ये हॅश जॉइनने ६५०. चार भिंतींत दडलेली ही चूक सरकारी अनुदानाने रस्त्यावर आणली, असं म्हणायला हरकत नाही.

एकाच मजकुराच्या दोन प्रती आणि त्यात खरी कोणती, हा प्रश्न या परिसराला नवा नाही. नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली ती शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली. पुढच्या तीनशे वर्षांत नकला करणाऱ्यांनी तिच्यात इतके पाठभेद घुसवले की शके १५०६ मध्ये, १५८४ साली, पैठणच्या एकनाथांना प्रती ताडून पाहून शुद्ध पाठ तयार करावा लागला. त्यांच्यापुढे प्रती निदान शेजारी-शेजारी उघडून ठेवता येत होत्या. दिवाणजींपुढे फक्त शेवटचा आकडा यायचा.

अशा कधी दिसणाऱ्या, कधी लपणाऱ्या चुकांमागे लागण्याचं मोठं उदाहरण शोधायला फार लांब जायला नको. पुण्यातून पोस्टग्रेसवर काम करणारे पवन देवलसी हे नाव त्या वर्तुळात चांगलं परिचित आहे. २००८ मध्ये आलेल्या ८.३ आवृत्तीतली 'हॉट' ही अपडेट हलकं करणारी रचना मुख्यतः त्यांच्या हातची. २०१७ च्या जानेवारीत ते स्वतःच्या एका नव्या सुधारणेवर भरपूर भार टाकून चाचण्या घेत होते, तेव्हा इंडेक्समध्ये चुकीच्या नोंदी दिसल्या. तपास केला तर दोष त्यांच्या सुधारणेत नव्हता, मूळ पोस्टग्रेसमध्येच निघाला. टेबल चालू ठेवून मागच्या दाराने इंडेक्स बांधायची जी सोय आहे, ती वापरताना त्याच क्षणी कुणी ओळी अपडेट करत असेल, तर त्या ओळींची इंडेक्समधली नोंद चुकू शकत होती. टेबल ठीक, ओळ ठीक, पण इंडेक्समार्गे शोधायला गेलं की भलतंच उत्तर. तेव्हा चालू असलेल्या ९.२ पासून ९.६ पर्यंतच्या सगळ्या आवृत्त्यांत हा दोष होता. ९ फेब्रुवारी २०१७ ला ९.६.२ आणि तिच्या बरोबरीच्या जुन्या आवृत्त्यांमधून दुरुस्ती आली आणि असे इंडेक्स पुन्हा बांधून घ्या असं जगभरच्या वापरकर्त्यांना सांगावं लागलं. घोडेगावचं प्रकरण याच्यापुढे चिमुकलं. तिथे दोष पोस्टग्रेसचा होता, इथे क्वेरीचा. पण दोन्हीकडे चूक पकडली गेली ती 'पुन्हा करून बघ' या चिकाटीतून, आणि दोन्हीकडे ती अपडेट नेमकं कधी चालतं यावर अवलंबून होती.

देवलसींचं नाव इथे आणखी एका कारणासाठी येतं. एसक्यूएलमध्ये 'मर्ज' नावाची आज्ञा आहे. तीही एका टेबलावरून दुसरं टेबल बदलते, पण एकाच ओळीला दोन जोड्या लागल्या की थांबते आणि चूक म्हणून ओरडते. पोस्टग्रेसमध्ये ती आणण्याचं काम सायमन रिग्ज आणि देवलसी करत होते. २०१८ मध्ये ती ११ व्या आवृत्तीत घातली गेली आणि प्रसिद्धीआधी मागे घेतली गेली. अखेर ऑक्टोबर २०२२ मध्ये १५ व्या आवृत्तीत ती आली, श्रेयनामावलीत दोघांची नावं होतीच. आडतीचं पोस्टग्रेस त्याहून जुनं होतं. ते अद्ययावत करून भाव लावण्याचं काम मर्जकडे देण्यात आलं. आता वक्कलला दोन जिवंत बोल्या असतील तर दिवस बंदच होत नाही.

दिवाणजींना सुरुवातीला हे आवडलं नाही. संध्याकाळी सात वाजता, बाहेर ट्रॅक्टर सुरू करून शेतकरी उभा असताना, पडद्यावर लाल पट्टी दिसणं कुणालाही आवडणार नाही. पण खरा उपाय त्याच्याही आधीच्या टप्प्यावर होता. दुरुस्तीची नवी ओळ आली की जुनीवर 'रद्द' अशी खूण आपोआप पडते, ती पुसली जात नाही, आणि एका तारखेच्या एका वक्कलला रद्द नसलेली एकच बोली असू शकते असं बंधन इंडेक्सच्या रूपाने टेबलावरच घातलं आहे. मुलीला काही वेगळं करावं लागत नाही. त्यामुळे लाल पट्टी सहसा दिसतच नाही. तिसरा बदल सगळ्यांत साधा आणि माझ्या मते सगळ्यांत आधी असायला हवा होता: पट्टी एकदा छापली की तिच्यातले आकडे गोठतात. डुप्लिकेट म्हणजे त्याच आकड्यांची नक्कल. हिशोब पुन्हा मांडायचा नाही. ज्या कागदावर पैसे दिले-घेतले गेले तो नंतर स्वतःहून बदलतो, हीच कल्पना मुळात चमत्कारिक आहे.

उरला प्रश्न पैशांचा. दोन बोल्या असलेले सगळे वक्कल काढायला एक छोटी क्वेरी पुरली: तारीख आणि वक्कलप्रमाणे ओळी मोज, एकाहून जास्त असतील त्या दाखव. यादी दिवाणजींच्या वहीतल्या फरक खात्याशी ताडली तर मोठे फरक सगळे जुळले. उरले ते खरोखरच सुटे पैसे. काही शेतकऱ्यांना कमी रक्कम गेली होती, काहींना जास्त, कारण दुरुस्ती दोन्ही दिशांनी होत होती. ज्यांना कमी मिळालं त्यांना बोलावून शेठने फरकाची रक्कम आणि दुरुस्त पट्टी दिली. ज्यांना जास्त गेलं त्यांच्याकडे मागायचं नाही असं ठरलं. हा निर्णय हिशोबाचा नव्हता, पुढच्या हंगामाचा होता. ज्याच्या दारात आडत्या वसुलीला जातो त्याचा ट्रॅक्टर पुढच्या खेपेला शेजारच्या गाळ्यावर थांबतो.

जिल्ह्यात आडतींसारखीच दूध संकलन केंद्रं, पतसंस्था, सेवा सोसायट्या आहेत, आणि त्यांच्या संगणकांवरही एका टेबलावरून दुसऱ्या टेबलात भाव, फॅट किंवा व्याजदर लिहिणाऱ्या अशाच क्वेऱ्या रोज चालतात. त्या सांभाळणाऱ्यांनी एक काम आज संध्याकाळीच करावं: ज्या टेबलातून आकडा उचलला जातो तिथे एका नोंदीला खरंच एकच ओळ आहे का, ते मोजून पाहावं. एकापेक्षा जास्त निघाल्या तर आधी जुन्या पावत्या काढाव्यात, आणि क्वेरी दुरुस्त करण्यापूर्वी चालू डेटाची एक प्रत बाजूला ठेवावी. नाहीतर कुणाचं किती देणं लागतो हे नंतर सांगता येणार नाही.